बंदुकीची निगा आणि खिशात मावणारा सरंजाम

बंदुकीचा बार उडाला, धूर विरला आणि आवाज डोंगरकपारीत जिरला, म्हणजे नेमबाजाचे काम संपले असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु नळीच्या आत त्याच क्षणी एका दुसऱ्या, निःशब्द आणि संथ क्रियेस आरंभ झालेला असतो, आणि ती वेळीच थांबविली नाही, तर हजारो बारांचा दाब व उष्णता सोसणारे पोलाद पावसाळ्यातील एखाद्या आठवड्यात असे डागाळते की पुढे ते कितीही कसबी कारागिराच्या हाती दिले तरी पूर्ववत होत नाही. ही क्रिया गंजण्याची. बंदुकीच्या निगेसंबंधी जे जे शिकविले जाते त्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे झाल्यास ते असे की, या कामात साधनांच्या विपुलतेपेक्षा वेळेला अधिक महत्त्व आहे. घरच्या कपाटात उत्तमोत्तम ब्रश आणि नाना प्रकारची तेले असली, पण बार उडाले ते घरापासून कोसभर दूर असलेल्या शेताच्या बांधावर किंवा परगावच्या नेमबाजीच्या मैदानावर, तर त्या साधनांचा उपयोग ज्या घटकेस व्हावयास हवा होता ती घटका वाया जाते. म्हणून साफसफाईचा सरंजाम लहान असला पाहिजे. लहान असला तरच तो बंदुकीबरोबर जाईल, आणि बरोबर गेला तरच वेळेवर हाती येईल. त्यात कोणता जिन्नस ठेवावा आणि कोणता वगळावा, याचा निवाडा या एकाच कसोटीवर करावयाचा असतो.

ही गरज बंदुकीइतकीच जुनी आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणाने बनणारी काळी दारू जळाली म्हणजे तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता घनरूपाने मागे राहतो, आणि पोटॅशियमच्या निरनिराळ्या क्षारांनी भरलेली ही मळी हवेतील ओलावा शोषून नळीच्या अंतर्भागास चिकटून बसते. तोड्याच्या बंदुकीत ही मळी साचली की कानाचे छिद्र बुजे, रंजक पेटूनही आतील दारूस अग्नी पोहोचत नसे, आणि ऐन मोक्याच्या वेळी बार फुकट जाई. यास्तव बंदुकधाऱ्याच्या कमरेस दारूचा बुधला आणि गोळ्यांची पिशवी यांच्याबरोबर कान मोकळा करण्याची बारीक सळई असे, आणि नळीखालच्या खोबणीतील गज जसा दारू व गोळी ठासण्याच्या तसाच चिंधी गुंडाळून नळी पुसण्याच्याही कामी येई. सळई, गज, चिंधी आणि पाणी एवढाच तो आद्य सरंजाम. परंतु पुढील काळात जी जी पेटी किंवा थैली निर्माण झाली तिचा सांगाडा याच चार वस्तूंचा आहे.

मराठी राज्यव्यवस्थेत शिलेखाना, तोफखाना आणि दारूखाना यांचे स्वतंत्र कारखाने होते, आणि शस्त्रांना धार व जिल्हई देणाऱ्या शिकलगारांचा तर परंपरागत धंदाच होता. परंतु शिलेखान्यातील कारागीर मोहिमेच्या प्रत्येक मुक्कामावर प्रत्येक शिपायाजवळ असणे शक्य नव्हते. त्यातून बारगिराचे घोडे व हत्यार सरकारचे, तर शिलेदाराचे स्वतःचे. आपल्या पदरच्या पैशाने घेतलेले शस्त्र सांभाळणे ही शिलेदाराची गरजही होती आणि अब्रूही. कारखान्यात व्हावयाची मोठी दुरुस्ती आणि धन्याने रोज करावयाची निगा यांतील हा भेद आजही तितकाच खरा आहे, आणि खिशातील सरंजाम हा केवळ दुसऱ्या कामासाठी असतो हे आरंभीच ध्यानात धरले, तर पुढील पुष्कळ घोटाळे टळतात.

काळ्या दारूच्या या मळीचा आपल्या देशाच्या इतिहासाशीही एक संबंध आहे. इंग्रजांनी 1853 साली स्वीकारलेली एन्फिल्ड बंदूक तोंडाकडून भरावयाची असून तिच्या नळीत आटे पाडलेले होते. अशा नळीत काही बारांनंतर मळी दाटली म्हणजे नवी गोळी आत उतरविणे कठीण होई, म्हणून काडतुसाच्या कागदास वंगण लावलेले असे. त्या वंगणाने गोळी सरकण्यास मदत होई आणि मळी मऊ राही. हे वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचे असल्याच्या बातमीने 1857 च्या आरंभी दमदम व बराकपूर येथील शिपायांत जो क्षोभ उसळला, त्याचे परिणाम सर्वविदित आहेत. त्या उठावाची कारणे अर्थातच अनेक आणि खोल होती. परंतु ज्या वंगणावरून ठिणगी पडली, त्याचे काम नळीतील घाण कह्यात ठेवणे हे होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

पुढे 1889 साली फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी कॉर्डाइट या धूरविरहित दारूचे पेटंट घेतले. तिच्या पहिल्या प्रकारात नायट्रोग्लिसरीन शेकडा 58, गनकॉटन 37 आणि व्हॅसलीन 5 असे प्रमाण असून, व्हॅसलीनची योजना नळीस थोडेफार वंगण मिळावे अशा हेतूने झाली होती. प्रत्यक्षात दारू दीर्घकाळ टिकविण्याच्या कामी ते अधिक उपयुक्त ठरले. काळी मळी गेली आणि धूरही गेला, तेव्हा आता नळी आपोआप स्वच्छ राहील असे वाटण्याजोगे होते. परंतु काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगी देणारी टोपी असते तिच्यात पोटॅशियम क्लोरेट वापरले जाई, आणि बार झाल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड बनून त्याचा अदृश्य थर नळीत पसरे. हे क्लोराइड आपल्या नित्याच्या मिठाचे सख्खे भावंड. दमट हवेत ते ओलावते आणि त्याच्या संगतीत पोलाद झपाट्याने गंजते.

येथे एक मुद्दा असा आहे की जो न कळल्यामुळे अनेक उत्तम बंदुका वाया गेल्या. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. ज्याने बार उडविल्यावर मोठ्या आस्थेने नळीत नुसते तेल चोपडले, त्याने क्षार तेलाखाली जसाच्या तसा ठेवला; वरून चकचकीत दिसणारी नळी आतून पोखरली जात राहिली. म्हणूनच जुन्या सैनिकी शिरस्त्यात नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतीत असत. त्या पाण्याने क्षार धुऊन निघे, नळी तापल्यामुळे उरलेला ओलावा लगोलग उडून जाई, आणि तदनंतरच पुसणे व तेल देणे होई. आजची बहुतेक काडतुसे असा क्षार मागे ठेवणारी नाहीत, परंतु जुन्या सैनिकी साठ्यातील काडतुसे किंवा काळी दारू वापरली असेल तेथे आधी पाणी आणि मग तेल हा क्रम आजही अटळ आहे.

वाहून नेण्याजोग्या सरंजामाचा सर्वांत सुबक नमुना पाहावयाचा असेल, तर ली-एन्फिल्ड रायफलीचा दस्ता उघडावा. ईशापूरच्या कारखान्यात जी दीर्घकाळ तयार होत असे, दोन्ही महायुद्धांत हिंदी जवानांच्या हाती जी होती आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे आमच्या पोलिसांच्या व राष्ट्रीय छात्रसेनेतील मुलांच्या खांद्यावर जी दिसत असे, तीच ही 'थ्री नॉट थ्री'. तिच्या दस्त्याच्या टोकास बसविलेल्या पितळी पत्र्यात एक लहानशी झडप असते. ती अंगठ्याने सरकवून उघडली की आतील पोकळीत दोन वस्तू सापडतात: तेलाची नळकांडीवजा बाटली आणि गुंडाळून ठेवलेली 'पुल-थ्रू' म्हणजे नळीतून ओढावयाची दोरी. बाटलीच्या आट्याच्या झाकणास आतून एक चिमुकला चमचा जोडलेला असतो, जेणेकरून तेल सांडू नये आणि लागेल तेवढाच थेंब घ्यावा. दोरीच्या एका टोकास पितळी वजन आणि दुसऱ्या टोकाकडे तीन फासे. वजनाकडून पहिला फासा घट्ट बसलेली घाण खरवडणाऱ्या तारेच्या जाळीसाठी, दुसरा चिंधीसाठी, आणि तिसरा दोरी मध्येच अडकली तर ती मागे ओढून काढण्यासाठी. योजकाने केवळ कामाचा नव्हे, तर काम बिघडण्याचाही विचार आधीच करून ठेवला आहे, ही गोष्ट मनःपूर्वक दाद देण्यासारखी आहे.

चिंधीचे मापही मनास येईल ते नाही. नळी कोरडी पुसावयाची तर चार इंच लांब व दोन इंच रुंद फ्लॅनेलचा तुकडा, आणि तेल द्यावयाचे तर चार इंच लांब व दीड इंच रुंद. या अर्ध्या इंचाच्या फरकात तात्पर्य आहे. कोरडी चिंधी नळीत घट्ट बसली पाहिजे, म्हणजे ती आट्यांच्या कोपऱ्यांतून घाण काढील. तेलाची चिंधी तितकीच घट्ट बसली तर तोंडाशीच पिळून निघेल आणि आत तेल पोहोचणारच नाही. प्रत्यक्ष कृती अशी की, रायफलीचा बोल्ट काढून घ्यावयाचा, वजन मागील बाजूने नळीत सोडावयाचे, ते पुढील तोंडातून बाहेर आले म्हणजे रायफल स्थिर धरून दोरी हाताभोवती गुंडाळावयाची आणि नळीच्या सरळ रेषेत, मध्ये न थांबता, एका दमात ओढावयाची. दोरी तिरकी ओढली तर ती नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते. सुती दोरीने पोलाद काय झिजणार असे वाटते खरे, परंतु दोरीत रुतलेली धूळ कानशीचे काम करते, आणि गोळी ज्या कडेवरून अखेरची सुटते तीच कड एका अंगास झिजली म्हणजे नेम कायमचा बिघडतो.

इतर राष्ट्रांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला. जर्मन सैन्याने 1934 च्या नमुन्याची म्हणून जी पत्र्याची चपटी डबी काढली तिला दोन झाकणे असून आत ॲल्युमिनियमच्या कड्यांची साखळी, ब्रश, तेलाची डबी आणि चिंध्या बसत; दोरी ओली होते व कुजते, साखळी तशी कुजत नाही, हा त्यातील विचार. कलाशनिकोव्हच्या रायफलीत गज नळीखाली राहतो आणि दस्त्यात एक लहान नळकांडे. ब्रश, चिंधी धरणारे टोक, स्क्रू-ड्रायव्हर आणि खिळा ठोकून काढण्याची सळई त्यात सामावते, आणि रिकामे झालेले नळकांडे हेच गजाची मूठ बनते. डबीनेही काम केले पाहिजे, निव्वळ ओझे होऊ नये, हा त्यातील धडा.

असा सरंजाम नसला म्हणजे काय होते याचा दाखला व्हिएतनामच्या युद्धात मिळाला, आणि तो अतिशय दुःखद आहे. एम-16 ही नवी अमेरिकन रायफल हलकी व अद्ययावत असून तिला साफसफाईची गरज जवळजवळ नाही, असा समज पसरला होता. 1966 च्या सुमारास अनेक तुकड्यांच्या हाती ती पडली तेव्हा तिच्याबरोबर साफसफाईची पुरेशी साधने नव्हती आणि जवानांना तसे शिक्षणही मिळालेले नव्हते. त्याच सुमारास काडतुसातील दारू बदलली गेली, ती अधिक मळी करी. आणि काडतूस ज्या घरात बसते त्या पोकळीस क्रोमचा मुलामा नसल्याने व्हिएतनामच्या दमट हवेत तेथे गंजाचे खड्डे पडत. उडालेले टरफल आत रुतून बसे, आणि ऐन चकमकीत जवानास नळीत गज घालून ते ठोकून काढावे लागे. ज्याच्यापाशी गज नव्हता त्याच्या हाती तेव्हा केवळ एक काठी उरे. अमेरिकन काँग्रेसच्या आयकॉर्ड उपसमितीने 1967 साली या प्रकरणाची चौकशी करून व्यवस्थेतील हयगयीवर कठोर ताशेरे ओढले. पुढे त्या पोकळीस क्रोमचा मुलामा आला, साधने व शिक्षण मिळू लागले, विल आयस्नर या नामांकित चित्रकथाकाराने सजविलेली निगेची सचित्र पुस्तिका 1968 साली जवानांच्या हाती गेली, आणि कालांतराने दस्त्यात साफसफाईच्या साहित्यासाठी झडपेची पोकळीही करण्यात आली. ली-एन्फिल्डच्या योजकांनी जे अर्धशतकापूर्वी केले होते तेथे इतक्या माणसांचे प्राण गेल्यावर यावे लागले. मूठभर साहित्याचे मोल यापरते कोणते सांगावे?

आता आपल्याकडील परवानाधारकाने, मग तो पीकसंरक्षणासाठी बारा बोअरची बंदूक बाळगणारा शेतकरी असो, .315 ची रायफल असलेला गृहस्थ असो, किंवा .22 च्या रायफलीने स्पर्धेत उतरणारा तरुण नेमबाज असो, स्वतःचा सरंजाम कसा जुळवावा ते पाहू. त्याआधी एक गोष्ट कोणत्याही साधनापूर्वी सांगणे प्राप्त आहे. बंदूक हाती घेताच नळी सुरक्षित दिशेस धरावी, चापावर बोट ठेवू नये, काडतुसे काढून ती दुसऱ्या जागी ठेवावीत, आणि काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहून व अंधार असल्यास बोटाने चाचपून रिकामे असल्याची खातरजमा करावी. 'रिकामीच आहे' या गृहीतावर विसंबल्याने घरोघरी अनर्थ घडले आहेत. साफसफाई चालली असता त्या जागी एकही काडतूस नसावे, हा नियम निरपवाद पाळावा.

सरंजामातील पहिली निवड गज की दोरी ही होय. तीन तुकड्यांचा जोडगज थैलीत सहज मावतो आणि रुतलेली वस्तू ढकलून काढण्यास त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. परंतु सांध्यांशी तो किंचित वाकतो, आणि तोंडाकडून घालावा लागल्यास कडेवर घासण्याचे भय असते. दोरी किंवा वेष्टण घातलेली लवचीक तार अगदी थोडी जागा व्यापते आणि मागून पुढे ओढली जात असल्याने घाण ज्या दिशेने गोळी जाते त्याच दिशेने बाहेर पडते. अलीकडे 'बोअर स्नेक' या नावाने मिळणाऱ्या जाड विणलेल्या दोरीत पितळी तारांचा ब्रश विणतानाच बसविलेला असतो. एका ओढीत खरवडणे व पुसणे दोन्ही साधतात, मात्र ती वेळोवेळी धुतली नाही तर कालची घाण आज पुन्हा नळीत फिरते. माझ्या मते, शेतावर वा मैदानावर नेण्यास दोरी आणि तिच्या सोबतीस आखूड तुकड्यांचा पितळी गज, हा संयोग सर्वांत विश्वासाचा. गज पितळेचा अशासाठी की पितळ पोलादाहून मऊ असल्याने झीज झालीच तर ती गजाची होते, नळीची होत नाही.

ब्रश मात्र आपल्याच बोअरचा हवा, कारण 'जवळपासचा' ब्रश काहीच उपयोगाचा नाही. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यातील एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची, म्हणजे सुमारे 18.5 मिलिमीटर व्यासाची; .22 ची नळी जेमतेम 5.6 मिलिमीटरची. मोठा ब्रश लहान नळीत अडकतो आणि लहान ब्रश मोठ्या नळीत नुसता फिरून येतो. ब्रशच्या तारा ब्राँझच्या असाव्यात, आणि तो नळीच्या मध्यावर उलट दिशेस फिरवू नये. एका टोकाने जाऊन दुसऱ्या टोकाने पूर्ण बाहेर पडल्यावरच परत घ्यावा, नाही तर तारा मोडतात.

चिंध्यांसाठी जुने, पुष्कळदा धुतलेले सुती कापड किंवा फ्लॅनेल उत्तम. तंतू सुटणारे आणि कृत्रिम धाग्याचे कापड वर्ज्य समजावे. त्या घरीच मापाने कापून मेणकापडाच्या पुडीत ठेवाव्यात. द्रवपदार्थ दोनच: मळी सोडविणारा एक आणि रक्षण करणारे तेल एक, दोन्ही अंगठ्याएवढ्या, आट्याच्या झाकणाच्या बाटल्यांत, आणि प्रत्येकीवर नाव लिहून. तेलाच्या बाबतीत आपल्याकडे एक घरगुती चूक सर्रास होते, ती म्हणजे खोबरेल वापरण्याची. खोबरेल सुमारे 24 अंश सेल्सिअसखाली थिजते, म्हणजे थंडीतल्या पहाटे चापाची यंत्रणा जड होते. शिवाय वनस्पतिजन्य तेले कालांतराने खवट होऊन आम्लधर्मी बनतात किंवा वाळून चिकट पापुद्रा धरतात. जवसाचे तेल तर वाळण्याच्या गुणासाठीच प्रसिद्ध, म्हणून दस्त्याच्या लाकडास ते हितकारक आणि पोलादी यंत्रणेस घातक. बंदुकीसाठी खनिज तेलच हवे. खास बंदुकीचे तेल न मिळाल्यास शिलाई यंत्राचे पातळ तेलही वेळ निभावते. आणि तेल थोडेच लावावे. ओथंबलेले तेल धूळ गोळा करते, लाकडात झिरपून ते भुसभुशीत करते, आणि नळीत राहिले तर पुढील पहिला बार नेमापासून ढळतो.

यापुढील वस्तू किरकोळ दिसतात, पण थैलीचे खरे सामर्थ्य त्यांत आहे. सांध्याकोपऱ्यांसाठी जुना दात घासण्याचा ब्रश, जेथे धातूचे टोक ओरखडा काढील तेथे घालण्यास बांबूच्या चार टोकदार काड्या, आपल्या बंदुकीच्या स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा एक स्क्रू-ड्रायव्हर, कारण सैल बसणारा स्क्रू-ड्रायव्हर खाच चेंदतो, अंगठ्याच्या नखाएवढ्या डबीत थोडे ग्रीस, लहान विजेरी, पातळ हातमोज्यांचा जोड, आणि साबणाचा एक तुकडा. शेवटच्या दोन वस्तूंची कोणी उपेक्षा करू नये. गोळ्यांतील व टोपीतील शिसे मळीबरोबर बोटांस लागते आणि तेथून अन्नात जाते. म्हणून ही सफाई स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत न करता वारा खेळत्या जागी करावी आणि हात स्वच्छ धुतल्यावाचून घासास स्पर्श करू नये.

काय ठेवू नये हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कानस, पॉलिश कागद, हातोडी, मोठे पाने ही कारागिराची हत्यारे. ती हाताशी असली म्हणजे चाप हलका करण्याचा, एखादी कमान घासण्याचा मोह होतो, आणि त्यातून शस्त्र असुरक्षित बनते. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार अग्निशस्त्रांच्या दुरुस्तीच्या धंद्यास परवाना लागतो. तेव्हा स्वच्छतेची सीमा जेथे संपते तेथे परवानाधारक कारागिराकडे जाणे हेच इष्ट.

या सर्व वस्तू ज्या थैलीत ठेवावयाच्या ती जाड कॅनव्हासची, गुंडाळता येणारी आणि प्रत्येक जिनसास निराळा कप्पा असलेली असावी, म्हणजे उघडताच काय आहे व काय हरवले ते एका दृष्टिक्षेपात कळते. चामड्याची थैली भारदस्त दिसते. परंतु चामडे ओलावा धरून ठेवते आणि कमावताना वापरलेले क्षार त्यात राहिलेले असतात, म्हणून बंदूकही चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा 60 च्या वर गेली म्हणजे लोखंडाच्या गंजण्यास वेग येतो, आणि कोकणात आषाढ-श्रावणात ती दिवसचे दिवस याहून पुष्कळ अधिक असते. तेथील परवानाधारकाने थैलीत सिलिका जेलची एक पुडी अवश्य घालावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलाव्याने भरले असे समजावे आणि मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्यावे. पावसाळ्यात बार उडाला नसला तरी दर आठवड्यास बंदूक पुसून तेलाचा हात फिरवावा, कारण घामट बोटांच्या ठशांवरूनही गंज चढतो.

प्रत्यक्ष सफाईचा क्रम लहानच आहे. मैदानावरून निघण्यापूर्वी, नळी अद्याप कोमट असतानाच, मळी सोडविणाऱ्या द्रवाची एक चिंधी ओढावी. ती काळीकुट्ट निघेल. थोडा अवधी जाऊ देऊन ब्रश चालवावा, मग कोरड्या चिंध्या एकामागून एक ओढाव्यात. त्यांचा रंग हीच आतील स्थितीची नोंदवही होय: काळा रंग दारूच्या काजळीचा, तांबूस करडा गंजाचा, आणि अमोनियायुक्त द्रव वापरला असल्यास निळसर हिरवा रंग गोळीच्या आवरणातील तांब्याचा. मात्र हा निळा रंग पितळी टोकापासूनही उतरू शकतो, म्हणून ते आधी पुसून घ्यावे, आणि असा द्रव नळीत फार वेळ राहू देऊ नये. चिंधी पांढरी निघू लागली की नळीच्या मागील टोकाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरून त्यावर विजेरीचा उजेड पाडावा आणि पुढील तोंडातून आत पाहावे. बोल्ट काढलेला असतानाच हे करावयाचे, हे सांगावयास नको. आट्यांच्या कडा रेखीव आणि दोन आट्यांमधील पोलाद आरशासारखे लखलखीत दिसले म्हणजे काम साधले. एखादा काळसर ठिपका दिसला तर त्याची जागा ध्यानात ठेवावी. पुढील खेपेस तो वाढला की काय एवढे पाहणे हीच अर्धी निगा आहे. अखेरीस तेलाची चिंधी एकदा ओढावी, आणि पुन्हा बार उडविण्यापूर्वी ते तेल कोरड्या चिंधीने पुसून काढावे.

खंडेनवमीस आपण शस्त्रांना हळदकुंकू वाहतो, ही रीत सुंदर आहे. परंतु पूजेच्या ताटापूर्वी जर तेलाची बाटली आणि चिंधी पुढे आली नसेल, तर त्या फुलांच्या ओलाव्याने शस्त्राचे नुकसानच व्हावयाचे. ज्याच्या हाती राज्याने विश्वासाने प्राणघातक वस्तू दिली आहे, त्याच्यावर ती निर्दोष ठेवण्याचे दायित्व आपोआप येते, कारण गंजलेली नळी आणि अडखळणारी यंत्रणा प्रथम धन्यास आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या निरपराध माणसास धोका देते. म्हणून या सरंजामासंबंधी अखेरची सूचना ही की, सफाई आटोपताच, हात धुण्यापूर्वी, थैलीची बेगमी करावी: संपलेल्या चिंध्यांच्या जागी नव्या कापून ठेवाव्यात, बाटल्या भराव्यात, ब्रश धुऊन वाळवावा आणि मगच थैली गुंडाळून बंदुकीशेजारी कुलपात ठेवावी. रिकामी बाटली घेऊन निघालेला मनुष्य आणि सरंजाम घरी विसरलेला मनुष्य यांची अवस्था ऐन वेळी सारखीच असते.